ही बातमी माझ्याबद्दलच आहे

२० जानेवारी १८४३. ग्लासगोचा कातारी डॅनियल मॅक्नॉटन याने लंडनमध्ये भर रस्त्यात एडवर्ड ड्रमंड यांच्या पाठीत गोळी झाडली. ड्रमंड हे पंतप्रधान रॉबर्ट पील यांचे खासगी सचिव. पाच दिवसांनी ते गेले. सत्ताधारी टोरी पक्ष आपला छळ करतोय, असं मॅक्नॉटनला ठाम वाटत होतं. त्याला तपासणारे डॉ. मन्रो यांनी कोर्टात सांगितलं, की 'टाइम्स' या वृत्तपत्रातला काही मजकूर आपल्यालाच उद्देशून आहे अशी त्याची खात्री होती. एकदा रस्त्यात कुणाच्या तरी हातात गवताच्या काड्या दिसल्या. त्याने अर्थ लावला: मला वेड्यांच्या इस्पितळात गवतावर झोपवणार, हे ते सुचवतायत.

त्या काड्या मला विसरता येत नाहीत. इतकी साधी वस्तू, आणि त्याचं काळीज चिरून गेली.

समोर येणाऱ्या ढीगभर गोष्टींतल्या 'महत्त्वाच्या' गोष्टीवर खूण करण्यात मेंदूतल्या डोपामाइन या रसायनाचा वाटा असतो. २००३ मध्ये मानसोपचारतज्ज्ञ शितिज कपूर यांनी मांडलं, की असे भ्रम होणाऱ्या मनोविकारात (सायकोसिसमध्ये) ही खूण भलत्याच जागी उमटू लागते. म्हणजे महत्त्व आधी जाणवतं, अर्थ मागाहून जुळवला जातो. म्हणूनच वाद घालून भ्रम सुटत नाही.

राजकीय बातमी तर यासाठी तयारच असते. 'काही लोक', 'त्यांना सोडणार नाही'… नाव कुणाचंच नाही, मग माझं का नसेल? चौकशीची नोटीस आलेल्या माणसाच्या छातीत असं वाक्य ऐकून धस्स होतंच. कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडली, म्हणून तो ते सोडून देतो. आजारात ते सुटत नाही, उलट रोज नवा पुरावा सापडतो.

एक गोष्ट ठासून सांगायला हवी: असे भ्रम असलेली बहुतेक माणसं कुणावर हात उगारत नाहीत, ती स्वतःच भेदरलेली असतात. घरात कुणी 'टीव्हीवाले माझ्याबद्दलच बोलतात' म्हणू लागलं, तर हसू नका, हो ला हो पण करू नका. झोप लागते का, जेवण जातं का, भीती कशाची वाटते, हे विचारा आणि मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.

औषधं डोपामाइनचा जोर कमी करतात. समजूत लगेच पुसली जात नाही, आधी तिची धार बोथट होते. बातम्या चालू असतात, विचारही डोकावतो, पण पूर्वीइतका छळत नाही.