माल एक, कायदे दोन

स्वित्झर्लंडमधल्या बाझलहून रेल्वेने निघालेली मालाची पेटी १८७०च्या सुमारास परमुलखात फुटली, भिजली किंवा गहाळ झाली, की मालधन्याची पंचाईत व्हायची. माल तीन-चार रेल्वे कंपन्यांच्या हातून जायचा, प्रत्येक देशाचा कायदा निराळा, आणि भरपाई मागायला गेले की जो तो शेजाऱ्याकडे बोट दाखवायचा. अखेर १८७४ साली बाझलचे क्रिस्ट आणि जिनिव्हाचे द सेन्यू या दोन वकिलांनी स्वित्झर्लंडच्या संसदेकडे अर्ज केला: सगळ्या युरोपासाठी एकच कायदा करा.

पुढे बर्नमध्ये तीन परिषदा झाल्या आणि १४ ऑक्टोबर १८९० रोजी नऊ देशांनी करारावर सह्या केल्या. त्यांत फ्रान्स आणि जर्मनी शेजारी शेजारी होते. १८७०-७१चे युद्ध ताजे असताना हे थोडे नव्हते. रशियाही होता. १ जानेवारी १८९३ पासून करार लागू झाला.

त्याची खरी करामत पावतीत होती. पहिल्या स्टेशनात केलेली एकच पावती शेवटपर्यंत चाले. पुढच्या रेल्वेने मालासोबत ती घेतली, की तीही करारात बांधली जाई. दावा पहिल्या रेल्वेवर लावा, शेवटच्या किंवा जिच्या हद्दीत नुकसान झाले तिच्यावर; पैशांची वाटणी रेल्वेवाले आपसांत करत बसोत.

क्रांतीनंतर रशिया या व्यवस्थेत राहिला नाही. नोव्हेंबर १९५१ मध्ये सोव्हिएत गटाने स्वतःचा करार आणला, 'एसएमजीएस'. पाठोपाठ चीनही त्यात आला. बर्नच्या करारात १९८० आणि १९९९ साली मोठे बदल झाले. आज त्यात भरपाईची मर्यादा किलोमागे १७ 'एसडीआर' (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबाचे एकक) एवढी आहे. या दोन करारांमधली फट मात्र बुजली नाही.

ती दिसते पोलंड-बेलारूस सरहद्दीवर, मालाशेविचे आणि ब्रेस्त इथे. दोन रुळांमधले अंतर १४३५ मिलिमीटरचे १५२० होते, कंटेनर क्रेनने दुसऱ्या वाघिणीवर (मालडब्यावर) चढतात, आणि कायदाही तिथेच बदलतो. पूर्वी पावतीसुद्धा नव्याने लिहावी लागे. २००६ पासून दोन्ही करारांची सामाईक पावती चालते, त्यामुळे लेखनातल्या चुका आणि खोळंबा कमी झाला. जबाबदारीचे नियम मात्र सरहद्दीच्या अलीकडे एक, पलीकडे दुसरेच.

भारत यांपैकी कशातच नाही. नेपाळला रेल्वेने जाणारा आपला माल २००४च्या द्विपक्षीय करारावर चालतो.