संगीत-सत्र सुरू करण्याआधी : स्वमग्न मुलांच्या पालकांसाठी

संगीतोपचाराच्या पहिल्या सत्रात तुमचं मूल एकाही वाद्याला हात लावणार नाही, असं होऊ शकतं. ते पाठ फिरवून बसेल, कानांवर हात ठेवेल. कृपया त्याला 'वाजव ना' म्हणून पुढे करू नका. काही मुलांना ठरावीक आवाज सहनच होत नाहीत. झांज, शिट्टी, टाळ्या, जे काही असेल ते आधी सांगा. तो आवाज आम्ही सत्रात येऊ देत नाही.

आम्ही गाणं शिकवत नाही. मूल जे करतंय तिथूनच सुरुवात होते. ते टेबलावर बोटं आपटत असेल, तर आम्ही त्याच लयीत ड्रमवर हलकी थाप देतो. ते थांबलं की आम्हीही थांबतो. असं होता होता एखाद्या क्षणी मूल मुद्दाम थांबतं आणि आमच्या हाताकडे बघतं. हे आपल्यामुळे घडतंय, हे त्याला उमगलेलं असतं. त्या एका नजरेसाठी आम्ही कितीही वाट बघू. पुढे 'आता तू, आता मी' सुरू होतं. संभाषणातही हेच लागतं, इथे फक्त शब्दांची सक्ती नसते.

हेच घरीही करता येईल. रोजच्या गाण्यात ओळीच्या शेवटच्या शब्दाआधी थांबा आणि मनात सावकाश दहापर्यंत मोजा. शब्द, हुंकार, हाताची हालचाल, काहीही आलं तरी ते उत्तरच. लगेच ओळ पुरी करा. काहीच आलं नाही तरी हसून पुरी करा. परीक्षा नको.

उपयोग किती होतो? २०१७ साली नऊ देशांतल्या ३६४ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पाच महिन्यांच्या संगीतोपचारानंतर सामाजिक लक्षणांच्या गुणांकनात लक्षणीय फरक दिसला नव्हता. कॉक्रेन ही वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणारी आंतरराष्ट्रीय संस्था. तिच्या २०२२ च्या आढाव्यात २६ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा एकंदर सुधारणा आणि जीवनमान यांत फायदा होत असावा असं दिसलं. म्हणून 'ऑटिझम बरा करतो' असं आम्ही म्हणत नाही, आणि तसं म्हणणाऱ्यांपासून सावध राहा. स्पीच थेरपी, ऑक्युपेशनल थेरपी चालू असेल तर ती बंद करू नका.

येताना मुलाची आवडती वस्तू आणा, आवाज दाबणारे हेडफोन वापरत असेल तर तेही. सत्राची सुरुवात आणि शेवट दर वेळी त्याच दोन गाण्यांनी होतो. ती आम्ही आधीच पाठवतो, घरी ऐकवून ठेवा.