युरोपचा रेल्वे पास की सुटी तिकिटं: हा हिशेब अवघड झाला कधीपासून?

एकदा पैसे भरा आणि ठरावीक दिवस अनेक देशांच्या रेल्वेत हवं तितकं फिरा, असा युरेलपास १९५९ साली निघाला तेव्हा त्याचं गिऱ्हाईक ठरलेलं होतं: अमेरिकेतला पैसेवाला पर्यटक. आदल्याच वर्षी अटलांटिकवरून जेट विमानांची प्रवासी सेवा सुरू झाली होती. युरोपला डॉलर हवे होते आणि तिथल्या रेल्वेचे प्रवासी मोटारींकडे वळू लागले होते. तेव्हा फ्रान्स, इटली, पश्चिम जर्मनी, स्वित्झर्लंड धरून १३ देशांच्या रेल्वे एकत्र आल्या आणि त्यांनी युरोपबाहेर राहणाऱ्यांसाठी पहिल्या वर्गाचा एकच पास काढला. ब्रिटन त्यात नव्हतं. ते आपला ब्रिटरेल पास वेगळा विकत राहिलं आणि युरेलमध्ये आलं ते थेट २०२० साली.

खुद्द युरोपातल्या पोरांना मात्र १९७२ पर्यंत थांबावं लागलं. आंतरराष्ट्रीय रेल्वे संघटनेला ५० वर्षं झाली म्हणून इंटररेल पास निघाला: वय २१ पर्यंत, दुसरा वर्ग, एक महिना, २१ देश. योजना खरं तर त्या एका वर्षापुरतीच होती, पण पोरांनी ती अशी उचलून धरली की बंद करायची सोयच उरली नाही. पुढे वयाची अट सैल होत गेली. आपल्याकडून जाणाऱ्यांसाठी यातली गोम एवढीच की भारतात राहणाऱ्याला युरेल मिळतो, इंटररेल नाही.

त्या काळात पास घ्यावा की तिकीट, हा प्रश्न कुणाला फारसा पडत नसे. तिकिटाचा दर बहुतांशी अंतरावर ठरायचा. महिनाभर आधी काढा नाहीतर गाडी सुटताना खिडकीवर उभे राहा, पैसे साधारण तेवढेच. त्यामुळे किलोमीटर भरपूर असतील तर पास, नाहीतर तिकीट. एसटीचा ‘आवडेल तेथे प्रवास’ पास काढून ज्यांनी चार किंवा सात दिवसांत महाराष्ट्र पालथा घातलाय, त्यांना हे गणित समजावून सांगायला नको.

हे गणित बिघडवलं वेगवान गाड्यांनी आणि विमान कंपन्यांच्या दरपद्धतीने. १९८१ साली पॅरिस-लियाँ मार्गावर फ्रान्सची वेगवान गाडी टीजीव्ही धावली, ती आरक्षण सक्तीचं करूनच. पास खिशात असला तरी जागेचे पैसे वेगळे. १९९३ साली फ्रेंच रेल्वेने ‘सोक्रात’ नावाची आरक्षण यंत्रणा आणली. ती अमेरिकन एअरलाइन्स या विमान कंपनीच्या ‘सेबर’ या आरक्षण यंत्रणेवर बेतलेली होती. सुरुवातीला खिडक्यांवर प्रचंड गोंधळ उडाला, पण वाट पडली ती पडलीच: मागणी बघून दर, लवकर घेणाऱ्याला स्वस्त. जर्मन रेल्वेने डिसेंबर २००२ मध्ये असंच काही करताना निम्म्या दरात तिकीट मिळवून देणारं सवलत कार्ड ‘बानकार्ड ५०’ बंद केलं. लोक इतके भडकले की वर्षाच्या आत ते परत आणावं लागलं. आगाऊ तिकिटांची सवलत मात्र टिकली. तोवर स्वस्त विमान कंपन्याही मैदानात आल्या होत्या, त्यामुळे रेल्वेला मागे फिरणं परवडणारं नव्हतं.

म्हणजे आता एकाच गाडीतल्या एकाच डब्यात शेजारी बसलेल्या दोघांच्या तिकिटात तिपटीचा फरक असू शकतो. यात पासधारक मधेच अडकला. फ्रान्स, स्पेन, इटलीतल्या वेगवान गाड्यांना त्याला प्रत्येक वेळी आरक्षणाचे युरो मोजावे लागतात, आणि लंडनहून पॅरिसला जाणारी युरोस्टार वा टीजीव्ही यांमध्ये पासवाल्यांसाठी जागा मोजक्याच ठेवलेल्या असतात. उलट जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंडमध्ये बहुतेक गाड्यांत आजही नुसतं चढून बसता येतं. माझ्या मते पासची खरी किंमत वसूल होते ती याच पट्ट्यात. पॅरिस-बार्सिलोना-रोम अशा झटपट दौऱ्यासाठी पास घेणं म्हणजे पैसे देऊन डोकेदुखी विकत घेणं.

पासही बदलत गेला, म्हणा. सलग दिवसांच्या जोडीला महिना-दोन महिन्यांत हवे ते ठरावीक दिवस निवडायचे पास आले. कागदी पासवर गाडीत चढण्याआधी त्या दिवसाची तारीख पेनाने लिहावी लागे. ती राहून गेली आणि तपासनीस आला, तर विनातिकीट. पूर्वी संध्याकाळी सातनंतर सुटणारी रात्रगाडी दुसऱ्या दिवसात धरत. आता सुटण्याचाच दिवस धरतात. २०२० पासून पास मोबाइलवर आला आहे.

आपल्याकडच्या प्रवाशाच्या गणितात आणखी एक आकडा येतो, तो व्हिसाचा. युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच चालणाऱ्या शेंगेन व्हिसासाठी कुठे, कधी, किती रात्री हे आधीच लिहून द्यावं लागतं. मग ‘वाटेल तेव्हा, वाटेल तिकडे’ या पासच्या मुख्य आकर्षणातली निम्मी हवा तिथेच निघून जाते, आणि तारखा ठरल्याच आहेत तर स्वस्त आगाऊ तिकिटं घ्यावीत असं वाटतं. पण ती बहुधा परत होत नाहीत, आणि व्हिसा लांबला तर सगळे पैसे पाण्यात. सुरू न केलेला पास मात्र थोडी कपात करून सहसा परत घेतात. त्यामुळे मे महिन्याच्या सुट्टीत जाणारे बरेच जण व्हिसाचा शिक्का पासपोर्टवर पडेपर्यंत थांबतात, आणि तोवर स्वस्त तिकिटं संपलेली असतात.