फुप्फुसातील नोड्यूलचा संगणकसाहाय्यित शोध

छातीच्या सीटी स्कॅनमधील 3 सेंमी.पर्यंतच्या गोलसर गाठी, म्हणजे नोड्यूल, संगणकाने हेरून रेडिऑलॉजिस्टसमोर ठेवण्याची पद्धत. ‘कॅड’ या नावाने ती ओळखली जाते. बहुतेक नोड्यूल निरुपद्रवी असतात. काही मात्र कर्करोगाची सुरुवात ठरतात.

पातळ छेदांच्या एका स्कॅनमध्ये शेकडो चित्रे असतात आणि 5 मिमी.ची गाठ त्यांतल्या मोजक्याच चित्रांत येते. त्यात आडवी छेदली गेलेली रक्तवाहिनी एकट्या चित्रात हुबेहूब गाठीसारखी दिसते. वरखालची चित्रे सरकवली की वाहिनी पुढे जात राहते, गाठ तिथेच संपते. संगणकालाही हाच फरक ओळखायचा असतो.

प्रणाली आधी फुप्फुस वेगळे काढते. सीटीत ऊतींची घनता दाखवणाऱ्या हाउन्सफील्ड श्रेणीवर हवा −1000 आणि पाणी 0, त्यामुळे हे काम सोपे वाटते. पण फुप्फुसावरणाला चिकटलेली गाठ छातीच्या भिंतीत मिसळून हद्दीबाहेर जाते, म्हणून कडेचे खळगे भरून घ्यावे लागतात. मग संशयित जागा सढळ हाताने टिपायच्या आणि त्यांतल्या खोट्या गाळायच्या. प्रणालीचा कस लागतो तो या गाळणीत. हल्ली हे काम बहुधा त्रिमितीय न्यूरल नेटवर्क, म्हणजे उदाहरणांवरून शिकणारी संगणकप्रणाली, करते.

शिकागो विद्यापीठात कुनिओ डोई व सहकाऱ्यांनी 1980च्या दशकात एक्स-रेवर असे प्रयोग सुरू केले. सीटीला जोर आला तो अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीने. तिचे निष्कर्ष 2011मध्ये आले: 53,454 धूम्रपानी व माजी धूम्रपानी व्यक्तींमध्ये, एक्स-रेच्या तुलनेत, कमी किरणमात्रेच्या सीटीने फुप्फुसाच्या कर्करोगाचे मृत्यू 20 टक्क्यांनी घटले. मात्र संशयास्पद ठरलेल्या सीटी तपासण्यांपैकी 96 टक्क्यांहून अधिक कर्करोगाच्या नव्हत्या.

मुळात ‘खरी गाठ’ ठरवायची कोणी? एलआयडीसी या छातीच्या सीटी स्कॅनच्या अमेरिकी संचातील 1,018 स्कॅन चार-चार रेडिऑलॉजिस्टनी वाचले. निदान एकाने तरी 3 मिमी. किंवा मोठा नोड्यूल म्हटलेल्या 2,669 जागा निघाल्या. चौघांचेही एकमत झाले फक्त 928 जागांवर. नोड्यूल शोधणाऱ्या प्रणालींच्या लुना16 स्पर्धेने यातले 888 स्कॅन घेतले आणि तिघांना तरी मान्य असलेल्या 1,186 गाठीच खऱ्या धरल्या. एखाद्या प्रणालीच्या अचूकतेचा आकडा वाचताना तो कोणत्या कसोटीवर काढला, हे म्हणूनच आधी विचारावे.

वाढ मोजण्यात संगणक अधिक उपयोगी. 8 मिमी.ची गाठ 10 मिमी. झाली तर व्यासात 2 मिमी.चाच फरक दिसतो, घनफळ मात्र जवळजवळ दुप्पट झालेले असते.

भारतात जुन्या क्षयरोगाच्या खुणा ही वेगळी अडचण आहे. बऱ्या झालेल्या क्षयाच्या गाठी अनेक स्कॅनमध्ये आढळतात. पूर्ण कॅल्शियम साचलेली गाठ सहसा सोडून देता येते. अर्धवट साचलेली किंवा मुळीच न साचलेली गाठ कर्करोगापासून वेगळी करणे अवघड जाते. अमेरिकी स्कॅनवर शिकलेली प्रणाली इथे वापरण्यापूर्वी इथल्याच स्कॅनवर तपासावी लागते. मुंबईची क्युअर.एआय ही कंपनी छातीचे एक्स-रे व सीटी वाचणाऱ्या प्रणाली बनवते.