विमान शिकायचंय? आधी क्लास टू मेडिकल

टेकऑफनंतर दोन-तीनशे फुटांवर सेसनाचं, म्हणजे शिकायच्या छोट्या विमानाचं, इंजिन बंद पडलं, तर पायलटकडे मोजके सेकंद असतात. नाक खाली दाबून वेग राखायचा आणि समोर जे मोकळं रान दिसेल तिथं उतरायचं. धावपट्टीकडे मागे वळायला गेलं, की वेग पडतो, विमान स्टॉल होतं, म्हणजे पंखांची उचल जाऊन ते खाली कोसळू लागतं, आणि सावरायला उंचीच उरत नाही. तेवढ्या वेळात डोकं थाऱ्यावर हवं. म्हणून मेडिकल, म्हणजे पायलटची वैद्यकीय तपासणी, हा नुसता फाइलला लावायचा कागद समजू नका.

पुण्याची बरीच मुलं बारामतीला उड्डाण शिकायला जातात. स्टुडंट पायलट लायसन्सला वय 16 पूर्ण आणि दहावी पास लागते. कमर्शियल, म्हणजे पगारी पायलटच्या लायसन्सला वय 18, शिवाय बारावीला फिजिक्स आणि मॅथ्स.

सुरुवात क्लास टूने, म्हणजे मेडिकलच्या पहिल्या टप्प्याने, होते. डीजीसीएच्या, म्हणजे देशाच्या विमान वाहतूक नियामकाच्या, ईजीसीए पोर्टलवर खातं उघडा, मान्यताप्राप्त डॉक्टरांच्या यादीतून एक निवडा आणि वेळ घ्या. फॅमिली डॉक्टरचा दाखला इथं चालत नाही. सोबत आधार किंवा पासपोर्ट, दहावीची मार्कशीट, फोटो, चष्म्याचा नंबर आणि आधी ऑपरेशन झालं असेल तर डिस्चार्ज कार्ड ठेवा. रक्त, लघवी, छातीचा एक्स-रे, ईसीजी, ऑडिओमेट्री (ऐकण्याची चाचणी) यांचे रिपोर्ट कुठून आणायचे, हे त्या डॉक्टरांनाच आधी विचारा.

सगळ्यांना धास्ती असते ती डोळ्यांची. चष्मा असला म्हणून कुणी बाद होत नाही. चष्म्याने नजर पुरेशी सुधारायला हवी, आणि उडताना जादा जोडी जवळ ठेवावी लागते. रंग ओळखण्याची चाचणी मात्र कडक. रंगीत ठिपक्यांच्या पानात दडलेला आकडा झटकन वाचता यायला हवा. माझ्या भाचीने ही चाचणी आधी नेत्रतज्ज्ञांकडे करून घेतली, तेव्हा कुठे घरच्यांचा जीव भांड्यात पडला.

कमर्शियलला क्लास वन, म्हणजे पुढच्या टप्प्याचं मेडिकल, लागतं, आणि ते क्लास टूनंतरच होतं. माझं कळकळीचं सांगणं: ट्रेनिंगची लाखोंची फी भरण्याआधी क्लास वनचा निकाल हातात येऊ द्या.

फॉर्ममध्ये फिट येणं, दमा, औषधं, काहीही लपवू नका. प्रमाणपत्र तपासणीच्या दिवसापुरतं बोलतं. रोजची तब्येत पायलटनेच पाहायची. उड्डाणाआधी 12 तास दारू वर्ज्य. सर्दीने कान बंद असतील किंवा गुंगी आणणारी गोळी घेतली असेल, तर पहाटेच इन्स्ट्रक्टरना फोन करा आणि त्या दिवसाचा स्लॉट सोडा.