दुखरा गुडघा, रक्त पातळ करणारी गोळी आणि पत्त्यामागची बारीक अक्षरं

नागपुरात कुठल्याही मेडिकल स्टोअरमध्ये जाऊन ‘गुडघ्याची गोळी द्या’ म्हटलं, तर हातात पडणाऱ्या गोळ्यांच्या पत्त्यावर (स्ट्रिपवर) बहुतेक वेळा दोन किंवा तीन औषधांची नावं असतात. एसिक्लोफेनॅक १०० मिलिग्रॅम आणि पॅरासिटामॉल ३२५, आयबुप्रोफेन ४०० आणि पॅरासिटामॉल ३२५, नाहीतर डायक्लोफेनॅक, पॅरासिटामॉल आणि क्लोरझॉक्साझोन असं त्रिकूट. धडधाकट माणसाला ही गोळी दोन दिवस सहसा पचून जाते. पण हृदयाची झडप बदललेली असेल, ठोके अनियमित असतील किंवा पायातल्या शिरेत गुठळी झालेली असेल आणि त्यासाठी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर यातलं पहिलं नाव धोक्याचं आहे. नेमकं तेच नाव पत्त्यामागे सगळ्यात बारीक अक्षरांत छापलेलं असतं.

कापलेल्या जागेतून रक्त थांबतं ते दोन टप्प्यांत. आधी प्लेटलेट एकमेकींना चिकटून फटीवर कच्चं बूच बसवतात. मग रक्तातले घटक एकामागून एक कामाला लागतात, फायब्रिनचं जाळं विणतात आणि बूच पक्कं होतं. वॉर्फरिन आणि असेनोकुमारॉल (म्हणजे बहुतेकांच्या ओळखीची ॲसिट्रॉम) व्हिटॅमिन के-ला अडवून हा दुसरा टप्पा मंद करतात. डॅबिगाट्रान, रिव्हरॉक्साबॅन, अपिक्साबॅन ही नवी औषधंही याच टप्प्यातला एकेक घटक धरतात.

सूज उतरवणाऱ्या वेदनाशामकांचा (एसिक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक ही त्यातलीच) घाव पहिल्या टप्प्यावर बसतो. ॲस्पिरिनच्या जातीची औषधं शरीरात प्रोस्टाग्लँडिन बनू देत नाहीत, हे जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवलं. १९८२ च्या नोबेल पारितोषिकात त्या कामाचा वाटा होता. प्रोस्टाग्लँडिन सांध्यात सूज आणि ठणका आणतात. पण त्याच कुळातली रसायनं जठराचं अस्तर आम्लापासून जपतात, मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा सांभाळतात, आणि प्लेटलेटना चिकटायला लावणारं थ्रॉम्बॉक्सेनही याच साखळीत तयार होतं. दोन्ही औषधं एकत्र घेतली की काय होतं पाहा: वेदनाशामकानं अस्तर सोलवटतं, तिथून रक्त आलं तर बूच नीट बसत नाही, आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळीमुळे जाळंही वेळेवर विणलं जात नाही. डेन्मार्कमधल्या एट्रियल फिब्रिलेशनच्या (हृदयाचे ठोके अनियमित पडण्याच्या विकाराच्या) रुग्णांच्या राष्ट्रीय नोंदी तपासणारा एक अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. अशी जोडगोळी घेणाऱ्यांत गंभीर रक्तस्रावाचा धोका साधारण दुप्पट निघाला, आणि तो थोड्या दिवसांच्या वापरातही दिसला. त्यामुळे ‘दोनच दिवस तर घेतो’ या बचावात फारसा दम नाही.

‘सोबत ॲसिडिटीची पॅन्टोप्राझोल घेतो, मग काय होतंय?’ हा दुसरा नेहमीचा बचाव. पॅन्टोप्राझोल जठर आणि त्यालगतच्या आतड्याचं रक्षण करतं, हे खरं. पण पुढचं आतडं, मेंदू, मूत्रपिंड त्याच्या हद्दीत येत नाहीत, आणि प्लेटलेटवरचा परिणामही ते पुसत नाही. सेलेकॉक्सिब, एटोरिकॉक्सिब ही त्याच जातीतली वेदनाशामकं प्लेटलेटना फारसं छेडत नाहीत. मात्र हृदय आणि मूत्रपिंडावरचा त्यांचा ताण तसाच राहतो, शिवाय वॉर्फरिनवर असलेल्यांचा आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा तपासणीतला आकडा; तो चढला की रक्त जास्त पातळ) त्यांनी चढू शकतो.

याहून वाईट हिशेब काही घरांत मांडला जातो: दोन दिवस रक्ताची गोळी बंद ठेवू, तेवढ्यात दुखण्याची घेऊन टाकू. असेनोकुमारॉलचा असर दोन-तीन दिवसांत उतरतो, नव्या औषधांचा तर साधारण एका दिवसात. धातूची झडप असलेल्या माणसाच्या झडपेवर गुठळी धरायला, किंवा ती मेंदूत जाऊन पक्षाघात व्हायला, एवढी उसंत पुरू शकते. गुडघ्यासाठी ही किंमत कुणीही मोजू नये. हृदयविकाराच्या डॉक्टरांनी ७५ मिलिग्रॅमची ॲस्पिरिन लिहून दिली असेल तर तीही आपल्या मनानं थांबवायची नाही.

मग घ्यायचं काय? पहिली पसंती साध्या पॅरासिटामॉलला, ज्यात दुसरं काहीही मिसळलेलं नाही अशा गोळीला. ५०० मिलिग्रॅमची एक किंवा दोन, दोन डोसमध्ये किमान सहा तासांचं अंतर, दिवसाला जास्तीत जास्त ३ ग्रॅम. वजन ५० किलोच्या आत असेल, यकृताचा त्रास किंवा रोजचं मद्यपान असेल तर मर्यादा २ ग्रॅम. सर्दीतापाच्या बहुतेक गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतं, तेही याच बेरजेत धरायचं. दुखणं टिपेला पोचल्यावर गोळी शोधण्यापेक्षा बाजाराला किंवा व्यायामाला निघण्याआधी अर्धा-पाऊण तास घेतली तर त्याच मात्रेत काम भागतं.

इथे एक मेख आहे. वॉर्फरिन किंवा असेनोकुमारॉलवर असलेल्या माणसानं रोज २ ग्रॅम पॅरासिटामॉल सलग काही दिवस घेतलं, तर आयएनआर वर सरकू शकतो. पॅरासिटामॉलपासून यकृतात तयार होणारा एक पदार्थ व्हिटॅमिन केच्या चक्रात खोडा घालतो, हे त्याचं कारण मानलं जातं. अधूनमधून एखादी गोळी घेतल्यानं काही बिघडत नाही. पण रोजची सुरू केली तर पाचव्या ते सातव्या दिवशी आयएनआर तपासावा, आणि बंद केल्यावर पुन्हा एकदा. साधारण २ ते ३ हे बहुतेकांचं लक्ष्य असतं. मायट्रल जागी (हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमध्ये) धातूची झडप असेल तर २.५ ते ३.५. आपला आकडा कोणता, हे डॉक्टरांच्या फाइलवर ठळक लिहून घ्यावं. नवी औषधं घेणाऱ्यांना ही भानगड नाही.

ट्रामाडॉल या जोरकस वेदनाशामकाला लोक निरुपद्रवी समजतात. त्यानंही काहींचा आयएनआर चढतो, आणि चक्कर येऊन पडणं हा रक्त पातळ असलेल्या माणसासाठी वेगळाच धोका. लिहून दिलं असेल तरच, कमी डोसमध्ये आणि थोडे दिवस.

वरून लावायच्या औषधांबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण फायदा आणि फसगत दोन्ही एकाच ट्यूबमध्ये असतात. डायक्लोफेनॅकचं १ टक्का जेल गुडघ्यावर लावलं तर गोळीच्या तुलनेत साधारण ६ टक्केच औषध रक्तात पोचतं. गुडघ्याची पूर्ण मात्रा एका वेळी ४ ग्रॅम, बोटांच्या सांध्यांची २ ग्रॅम, दिवसातून चार वेळा. या हिशेबानं एका गुडघ्यासाठी ३० ग्रॅमची ट्यूब दोन दिवसांत संपेल. आपल्याकडे हरभऱ्याएवढं लावतात आणि ‘जेलनं काही होत नाही’ म्हणतात. रक्त पातळ करणारं औषध चालू असताना डॉक्टरांना विचारून, एकाच सांध्यावर, दोन-तीन आठवड्यांपुरतं वापरणं हा मधला मार्ग. एकाच वेळी गुडघे, कंबर, खांदे सगळीकडे फासलं तर ते ६ टक्के नगण्य राहत नाहीत. जेल लावलेल्या जागी शेक द्यायचा नाही, पट्टीही आवळायची नाही. दोन्हींमुळे औषध जास्त शोषलं जातं.

फसगत ती इथे: भारतात मिळणाऱ्या अनेक जेल, स्प्रे आणि बाममध्ये डायक्लोफेनॅकच्या जोडीला किंवा त्याऐवजी मिथाइल सॅलिसिलेट असतं. आयुर्वेदिक मलमांवर तेच ‘गंधपुरा तेल’ या नावानं येतं. हा ॲस्पिरिनचा सख्खा भाऊ कातडीतून चांगला मुरतो, आणि वॉर्फरिनवरच्या रुग्णांनी असे बाम भरपूर चोळल्यावर आयएनआर चढून रक्तस्राव झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. ट्यूबवर मिथाइल सॅलिसिलेट किंवा गंधपुरा तेल, यांपैकी एकही नाव दिसलं तर ती परत ठेवावी. मिरचीतल्या कॅप्सेसिनचं मलम चालतं; पहिले काही दिवस आग होते, असर दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, आणि लावल्यावर हात साबणानं धुतले नाहीत तर डोळ्यांची खैर नाही.

दवाखान्यात ‘लवकर आराम पडेल असं काहीतरी द्या’ म्हटलं की कमरेत डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन मिळायची शक्यता मोठी. इथे धोका दुहेरी: औषध तेच, शिवाय सुई खोल स्नायूत जाते आणि आतल्या आत रक्त साकळून मोठी गाठ होऊ शकते. बाही वर करण्याआधीच सांगा की रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे. गुडघ्याच्या सांध्यात दिलं जाणारं स्टेरॉइडचं इंजेक्शन ही मात्र निराळी गोष्ट. आयएनआर मर्यादेत असेल तर बहुधा गोळी बंद न करताही ते देता येतं. एक-दोन दिवस आधीची तपासणी हवी, आणि सुई काढल्यावर जागा पाच मिनिटं दाबून धरायची. मधुमेह असेल तर पुढचे काही दिवस साखर चढते, त्याची तयारी ठेवावी.

पुडीतल्या चूर्णाबद्दल स्पष्टच बोलू. घटकांची यादी नसलेल्या पुडीनं वर्षानुवर्षांचं दुखणं दोन दिवसांत पळालं, तर आनंद मानण्यापेक्षा संशय घ्यावा; अशा पुड्यांत स्टेरॉइड किंवा डायक्लोफेनॅक कुटून घातलेलं अनेकदा सापडलेलं आहे. नाव छापलेल्या गोष्टीही सगळ्या सोज्वळ नसतात. शल्लकी, कर्क्युमिनच्या कॅप्सूल, ग्लुकोसामीन यांच्यामुळे वॉर्फरिनवरच्या रुग्णांचा आयएनआर वाढल्याच्या नोंदी आहेत. वरणातली हळद यात येत नाही.

खाण्याचा विषय निघालाच आहे तर सांबारवडी. नागपुरात हिवाळ्यात सांबार (म्हणजे कोथिंबीर) स्वस्त झाला की घरोघरी वड्या होतात, आणि त्याच्या १०० ग्रॅम पानांत सुमारे ३०० मायक्रोग्रॅम व्हिटॅमिन के असतं. आठवडाभर रोज वड्या खाल्ल्या की असेनोकुमारॉलवरच्या माणसाचा आयएनआर उतरतो, डॉक्टर डोस वाढवतात, मग हंगाम सरतो, वड्या थांबतात आणि वाढवलेल्या डोसवर आयएनआर उसळी घेतो. त्यातच थंडीनं सांधे आखडले म्हणून रोजचं पॅरासिटामॉल सुरू झालेलं असलं तर आणखी वर. पालक, मेथी, सांबार सोडायची गरज नाही. दर आठवड्याचं प्रमाण साधारण सारखं ठेवलं की पुरे. संत्र्याची भीती बाळगू नये, त्यात व्हिटॅमिन के नसल्यातच जमा आहे.

उन्हाळ्याचा हिशेब वेगळा. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, घामावाटे पाणी निघून जातं, आणि रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन किंवा एनालाप्रिल आणि लघवीची गोळी चालू असते. यात डायक्लोफेनॅकची भर पडली की मूत्रपिंड अचानक बसू शकतं. डॅबिगाट्रान सुमारे ८० टक्के मूत्रपिंडावाटेच बाहेर पडतं. तो रस्ता अडला की औषध रक्तात साठतं आणि नेहमीचाच डोस जास्त ठरतो. मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते सांगणारं रक्तातलं क्रिएटिनिन वर्षातून एकदा तरी तपासावं, पंचाहत्तरीनंतर दर सहा महिन्यांनी.

पावसाळ्यात सांधे धरले आणि ताप असेल तर घरच्या घरी काहीच ठरवू नये. २०२४ च्या पावसाळ्यात शहरात चिकुनगुनियाची मोठी लाट आली होती, आणि डेंग्यू त्याच डासांच्या पाठीवरून येतो. डेंग्यूत प्लेटलेट घटतात, म्हणून तो नाही हे कळेपर्यंत फक्त पॅरासिटामॉल. प्लेटलेट ५० हजारांखाली गेल्या तर रक्ताच्या गोळीचं काय करायचं, हे डॉक्टरांनी त्याच दिवशी ठरवायला हवं. तापात जेवण कमी होतं, त्यानंही आयएनआर चढतो.

गुडघ्याच्या झिजेवर सगळ्यात टिकाऊ उपायाला गोळ्यांचा पत्ता लागत नाही. पाय सरळ करून बसावं, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवावी, ती मांडीच्या स्नायूंनी ५ सेकंद दाबून सोडावी. असं १० वेळा, सकाळ-संध्याकाळ. आठवड्यानंतर पाठीवर झोपून एक पाय वाकवावा, दुसरा सरळ ठेवून फूटभर उचलावा आणि ५ सेकंद धरावा. असर कळायला सहा ते आठ आठवडे द्यावेत. वजन एक किलो उतरलं की चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो. काठी दुखऱ्या पायाच्या उलट हातात, आणि तिची मूठ हात सोडून उभं राहिल्यावर मनगटाच्या घडीला लागेल इतक्या उंचीची. शेक १५ मिनिटं, कापडावरून. जोराची मालिश, कपिंग आणि जळवा टाळा.

काही तासांत गुडघा फुगून गरम झाला, मार लागलेला नसताना वाकेनासा झाला, तर ती नेहमीची वाताची कळ समजू नका. सांध्यात रक्त उतरलेलं असू शकतं. चोळायचं नाही, बर्फ कापडात गुंडाळून ठेवायचा आणि त्याच दिवशी आयएनआर करून घ्यायचा. डांबरासारखी काळी शौच (लोहाच्या गोळ्या चालू नसताना), लाल लघवी, दहा मिनिटं नाक दाबूनही न थांबणारं रक्त, किंवा डोक्याला लागलेला मार, मग वरून काही दिसत नसलं तरी: यांपैकी काहीही झालं तर रात्री-अपरात्रीही नागपुरातल्या मेडिकल, मेयो, एम्स या सरकारी रुग्णालयांची किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयाची कॅज्युअल्टी गाठावी.

सांधा बदलायची वेळ आली तर वॉर्फरिन साधारण पाच दिवस आधी थांबवतात, नवी औषधं दोन ते तीन दिवस आधी, आणि मूत्रपिंड कमजोर असेल तर डॅबिगाट्रान त्याहूनही आधी. धातूची झडप असलेल्यांना मधल्या दिवसांत रक्त पातळ ठेवणाऱ्या हेपॅरिनची इंजेक्शनं लागू शकतात. तारखा हृदयविकारतज्ज्ञ आणि सर्जन यांनी मिळून ठरवायच्या. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेत बहुधा पाठीत सुई देऊन भूल दिली जाते, आणि तिथे रक्त साकळलं तर मज्जारज्जूवर दाब येऊन पाय लुळे पडू शकतात. म्हणून शेवटचा डोस कोणत्या तारखेला, किती वाजता घेतला, हे भूलतज्ज्ञाला कागदावर लिहून द्यावं.