शेंडा वाळला की आधी बुंधा तपासा

अंगणातलं शोभेचं झाड शेंड्याकडून वाळू लागलं, की आपली नजर पानांवर जाते. ठिपके दिसले की लगेच बुरशीनाशक फवारलं जातं, आणि झाड तरीही वाळतच राहतं. पानावरची ती बुरशी बऱ्याचदा सगळ्यात शेवटी आलेली असते.

वनरोगशास्त्रज्ञ पॉल मॅनियन यांनी १९८१ मध्ये झाडांच्या ऱ्हासाची कारणं तीन टप्प्यांत मांडली. आधी वर्षानुवर्षांचा ताण: दबून घट्ट झालेली माती, मुळांना अपुरी जागा. मग एखादा धक्का: दुष्काळ किंवा मुळं तोडणारं खोदकाम. झाड असं खचल्यावर बुरशी आणि खोडकिडे शिरतात. खोदकाम होऊन कित्येक वर्षं लोटलेली असतात, म्हणून त्याचा संबंध कुणाच्या लक्षातही येत नाही. मी तर सांगेन, औषधाच्या आधी झाडाचा इतिहास विचारा.

मग बुंध्याशी बसा. निरोगी झाडाचं खोड जमिनीला टेकताना पसरट होतं. ते सरळ खांबासारखं मातीत घुसलेलं दिसलं, तर बुंध्यावर भर पडली आहे किंवा लावतानाच रोप खोल गेलं आहे. हातानं माती उकरा. एखादं मूळ खोडालाच वेढा घालून ते आवळत असेल, तर तेही इथेच सापडतं.

सालीतून काळपट स्राव झिरपत असेल, तर फायटोफ्थोराचा संशय घ्यावा. ही बुरशीसारखी दिसते, पण खरी बुरशी नव्हे. तिचे बीजाणू पाण्यात पोहतात, म्हणूनच पाणी साचणाऱ्या जमिनीत ती फोफावते. सालीखाली पंख्यासारखा पांढरा थर आणि अळंबीचा वास असेल, तर ती आर्मिलारिया, म्हणजे मुळं कुजवणारी बुरशी. व्हर्टिसिलियम या मातीतल्या बुरशीमुळे होणाऱ्या मर रोगात अनेकदा एकाच बाजूच्या फांद्या माना टाकतात आणि फांदी कापली की आतल्या लाकडात गडद रेघा दिसतात. प्रयोगशाळेसाठी नमुना घेताना पूर्ण मेलेला भाग घेऊ नका. मेलेल्या लाकडावर नंतर आलेले जीवच वाढतात. जिवंत आणि मृत भागाच्या सीमेवरचा तुकडा द्या.

उपाय बहुतेक जमिनीतलेच. पाण्याचा निचरा सुधारा, कोरड्या दिवसांत सावकाश आणि खोलवर भिजेल असं पाणी द्या, बुंध्यापासून थोडं दूर ५ ते १० सेंटिमीटर पालापाचोळ्याचं आच्छादन करा. अन्न-पाणी शोषणारी बारीक मुळं बहुतांशी वरच्या थरातच असतात आणि फांद्यांच्या घेराबाहेरही दूरवर पसरतात, तेव्हा खोडाला लागून आळं करून भागत नाही. नत्रयुक्त खताचा मारा टाळा. खचलेल्या झाडावर त्यानं कोवळ्या वाढीचा बोजा पडतो.

अमेरिकन वनरोगशास्त्रज्ञ अलेक्स शायगो यांनी १९७७ मध्ये दाखवलं, की झाड जखम भरून काढत नाही, कुजलेल्या भागाभोवती भिंती उभारून त्याला कोंडतं. म्हणून फांदी कापताना तिच्या मुळाशी असलेला फुगीर कडा शाबूत ठेवावा. जखमेला रंग फासून कूज थांबत नाही.

बुंध्यावर गॅनोडर्मा या लाकूड कुजवणाऱ्या बुरशीची टणक, फळीसारखी छत्री आली असेल, तर हिरव्या पानांवर विसंबू नका. आतलं लाकूड पोकळ होत असूनही वर पालवी फुटत राहते. खालून माणसं जात असतील, तर वृक्षतज्ज्ञाकडून तपासणी करून घ्या आणि धोका ठरला तर झाड उतरवा. आर्मिलारिया असेल, तर खुंट आणि जाड मुळंही काढावी लागतात, कारण ती त्यांत वर्षानुवर्षं जगते आणि तिथून शेजारच्या झाडापर्यंत पोहोचते.